मीटरला चारने भागा

नमस्कार श्रोतेहो.

एका विमानाची नागपूरकरांना ओळख करून द्यावी लागत नाही. १९९१ साली सोनेगावला एक बोईंग ७२० उतरलं आणि ते पुन्हा उडालंच नाही. जवळजवळ चोवीस वर्षं विमानतळावरच उभं होतं. बाहेरगावाहून येताना खिडकीची जागा मिळाली, की चाकं टेकल्याबरोबर आम्ही माना वळवून आधी ते आहे ना हे बघायचो. ऊन-पावसानं रंग उडालेला, पण ऐट कायम. कोणी त्याला भंगार म्हणे, कोणी ‘ते सातशे सात’ म्हणे. मी त्याला आपलं विमान म्हणत असे. पुढे ते तिथून हलवलं, तेव्हा गल्लीतलं जुनं झाड तोडल्यासारखं वाटलं.

तर काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडे मला त्याचं मॉडेल मिळालं. धातूचं, तळहातावर मावणारं, कोणीतरी हातानं पुन्हा रंगवलेलं. खाली स्टँड, स्टँडवर ‘बोईंग ७२०, १:४००’ अशी चिठ्ठी. मी भाव केला नाही. घरी आणून बैठकीतल्या शोकेसमध्ये ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत राहिलो.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा आला. आठवीतला. त्यानं विचारलं, “मामा, खरं विमान किती लांब होतं?” मी रुबाबात सांगितलं, साडेएकेचाळीस मीटर. त्यानं कंपासपेटीतली पट्टी काढली, मॉडेलला लावली आणि म्हणाला, “मग चारशेपट लहान म्हणजे हे साडेदहा सेंटिमीटरच्या आत पाहिजे ना? हे तर साडेअकराच्या पुढं जाऊन राहिलं.”

बरोबर होतं त्याचं. ते ७२० नव्हतंच. ७२० चं मोठं भावंड, ७०७-३२०, सेहेचाळीस मीटर एकसष्ट सेंटिमीटरच्या घरातलं, त्यावर ७२० ची चिठ्ठी डकवलेली. दिसायला दोघं सख्खे भाऊ. चार इंजिनं, तसंच नाक, तशीच शेपटी. पण ७२० आखूड, आणि त्याच्या पंखाची पुढची कड धडाजवळ थोडी पुढे काढलेली. मी वीस वर्षं खरं विमान बघत होतो आणि सहा महिने खोटं मॉडेल बघत होतो. पट्टी मात्र एकदाही लावली नव्हती.

म्हणून आज बोलायचं ते या डायकास्ट, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेल्या, छोट्या विमानांबद्दल. चांगलं मॉडेल कोणतं, अचूक कोणतं, आणि फसवं कसं ओळखायचं.

आधी पट्टीचं गणित, कारण ते फुकट आहे. संग्राहकांमध्ये सगळ्यांत चालणारं प्रमाण म्हणजे एकास चारशे. खऱ्या विमानाची लांबी मीटरमध्ये घ्या, चारने भागा, उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. जंबो जेट, म्हणजे बोईंग ७४७, सत्तर मीटर सहासष्ट सेंटिमीटर. मॉडेल साडेसतरा-पावणेअठरा सेंटिमीटर हवं. एकास दोनशे असेल तर दोनाने भागा, एकास पाचशे असेल तर पाचाने. एवढंच. गंमत म्हणून सांगतो, आपल्या सोनेगावची धावपट्टी ३२०० मीटर आहे. एकास चारशेनं ती आठ मीटर होते. माझ्या गच्चीवर ती तिरकी टाकली तरी मावत नाही, मोजून बघितलंय.

आणि याच हिशेबाची दुसरी बाजू लक्षात ठेवा. मॉडेलवर एक मिलिमीटर चुकला, तर खऱ्या विमानावर चाळीस सेंटिमीटर चुकले. डोळ्याला ते कळतं. का खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

आता वजन. सीताबर्डीच्या एका दुकानात मालक प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात विमान ठेवून म्हणतो, “धरून पाहा ना भाऊ, काय जड आहे!” जड म्हणजे भारी, हा आपला पितळी भांड्यांचा हिशेब. इथे तो लागू नाही. ही मॉडेलं जस्ताच्या मिश्रधातूची असतात. वितळलेला धातू दाबानं पोलादी साच्यात सोडतात. जस्त जडच. साचा बेंगरूळ असला तरी वजन तेवढंच भरणार. भरीव ढेकूळही जड लागतं.

मी आधी बघतो तो साचा. संग्राहक त्याला मोल्डच म्हणतात. रंग, अक्षरं, पट्टे हे नंतर. का, तर कंपनी एक साचा बनवते आणि त्यावर वर्षानुवर्षं पन्नास विमान कंपन्यांचे रंग चढवते. साच्यात नाक चुकलं, तर पन्नासही विमानांचं नाक चुकलं. छपाईतली चूक एका विमानापुरती. तिला मी माफ करतो. साच्याला नाही. हे माझं मत, आणि यावर माझं मित्रांशी भांडण होतं.

विमान समोरून डोळ्यांच्या पातळीवर धरा. नाक आणि वैमानिकाच्या खिडक्या, हा विमानाचा चेहरा. एअरबस ए३२० चं नाक गोलसर, बोईंग ७३७ चं टोकदार. स्वस्त साच्यात दोन्ही सारखीच, बटाट्यासारखी. ए३५० च्या काचांभोवती काळी पट्टी असते, डोळ्याला गॉगल लावल्यासारखी. तिची कड वाकडी असेल तर सगळा चेहराच बिघडतो. मग पंख आणि धड जुळतात तिथे बघा. जुन्या साच्यांत पोटाखाली पंखांचा वेगळा तुकडा बसवलेला असायचा आणि त्याची भेग लांबून दिसायची. नव्या मॉडेलांत पंख फटीत सरकवतात, सांधा जवळजवळ दिसत नाही.

मग ते काचेवर उभं करा. सगळी चाकं टेकली पाहिजेत. एखादं हवेत असेल किंवा शेपटी बसकण मारत असेल, तर जुळणी घाईत झालेली. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती मला विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पामुळे कळली. बोईंगनं तिथे देखभाल-दुरुस्तीचा हँगर उभारला आणि तो एअर इंडियाकडे गेला, तेव्हापासून ७८७ ड्रीमलायनर आणि ७७७ आपल्याकडे येतात. ड्रीमलायनर उतरताना बघा. हवेत असताना त्याचे पंख धनुष्यासारखे वर वाकलेले असतात. जमिनीवर आल्यावर तेच पंख खाली बसतात. म्हणजे चाकं खाली, विमान उभं, आणि पंख मात्र उड्डाणातल्यासारखे वर उचललेले, असं मॉडेल असेल तर ते कोणत्याच क्षणाचं विमान नाही. दुकानात ते जास्त देखणं दिसतं, हे कबूल. स्टँडवर, चाकं मिटलेली असतील, तर ते बरोबरही आहे.

७७७ चं असंच. ७७७-२०० ईआरच्या पंखाचं टोक साधं. २०० एलआर आणि ३०० ईआरचं टोक मागे निमुळतं ओढलेलं. पंखांची या टोकापासून त्या टोकापर्यंतची रुंदी एकाची एकसष्ट मीटरच्या आत, दुसऱ्याची जवळजवळ पासष्ट. चारने भागा, मॉडेलवर एक सेंटिमीटरचा फरक. एअर इंडियाकडे २००७ पासून आली ती एलआर आणि ३०० ईआर. त्यांच्या रंगात साध्या टोकाचं पंख असलेलं विमान कोणी त्या नावानं विकत असेल, तर हातात घ्यायच्या आधीच नाही म्हणा. आणि चाकं मोजा. ७७७ च्या प्रत्येक मुख्य पायाला सहा चाकं असतात, ड्रीमलायनरच्या पायाला चार.

चाकांवरून आठवलं, आणि ही माझी सगळ्यांत आवडती कसोटी आहे. इंडियन एअरलाइन्सचं ए३२०. नारिंगी शेपटी, त्यावर पांढरी अक्षरं. माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर लगेच येईल. ए३२० च्या प्रत्येक मुख्य पायाला जगभर दोन चाकं असतात. पण १९८९ पासून इंडियन एअरलाइन्सनं जी पहिली ए३२० घेतली, त्यांच्या पायाला चार-चार चाकं होती, दोन पुढे दोन मागे. आपल्याकडच्या काही धावपट्ट्या एवढा भार पेलतील का, ही शंका. म्हणून भार जास्त चाकांवर वाटून दिला. ही सोय खास आपल्यासाठी केलेली. आता मॉडेल करणाऱ्याला बघा. त्याच्याकडे दोन चाकांचा तयार साचा आहे. नारिंगी शेपटी रंगवली, पट्टा ओढला, झालं इंडियन एअरलाइन्स. साडेनऊ सेंटिमीटरचं विमान, मोहरीच्या दाण्याएवढी चाकं, कोण मोजणार?

आम्ही मोजतो. विमान उलटं करायचं आणि पोटाखाली बघायचं. चार दिसली, तर समजायचं की करणाऱ्यानं आपल्या विमानाचा फोटो खरंच बघितला होता. मला असं एक मिळालं, तेव्हा मी दुकानात उभ्या उभ्या हसलो. दुकानदाराला वाटलं, मला काहीतरी खोट सापडली. त्यानं आपणहून दोनशे रुपये कमी केले.

इंजिनही तिथेच बघून घ्या. त्या ए३२० चं व्ही२५०० इंजिन. त्याचं वेष्टण एकसंध, मागेपर्यंत नळकांड्यासारखं गेलेलं. दुसऱ्या प्रकारचं, सीएफएम ५६, त्याचं वेष्टण आखूड आणि मागून आतलं नळकांडं बाहेर डोकावतं. रंग बरोबर, इंजिन चुकलेलं, अशी मॉडेलं भरपूर.

आता नोंदणी क्रमांक. शेपटीजवळ बारीक अक्षरांत असतो, आपल्याकडे व्हीटीनं सुरू होतो. मॉडेल ‘जंबो जेट’चं नसतं, एका विशिष्ट जंबो जेटचं असतं. एअर इंडियाचं पहिलं जंबो १९७१ साली आलं. नाव ‘एम्परर अशोक’, क्रमांक व्हीटी-ईबीडी. १ जानेवारी १९७८ ला मुंबईहून उडाल्यावर ते अरबी समुद्रात कोसळलं, २१३ माणसं गेली. त्यामुळे व्हीटी-ईबीडी हा क्रमांक एखाद्या नंतरच्या काळातल्या रंगसंगतीवर छापलेला दिसला, तर ते विमान कधी अस्तित्वातच नव्हतं. मी तसं घेत नाही. फुकट दिलं तरी नाही.

त्या जंबोच्या खिडक्यांभोवती लाल महिरपी होत्या, राजवाड्यातल्या झरोक्यांसारख्या. एकास चारशेला खिडकी उंचीला एक मिलिमीटरच्या आसपास येते आणि तिच्याभोवती महिरप काढायची! हे काम सिलिकॉनच्या मऊ ठशानं करतात. कोरलेल्या पट्टीवरची शाई ठसा उचलतो आणि गोल धडावर टेकवतो. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. एक ठसा केसभर सरकला, की महिरप एकीकडे आणि खिडकी दुसरीकडे. हे बघायला मी इतवारीतून सराफ डोळ्याला लावतात ते भिंग आणलं. सराफानं विचारलं, काका, काय पारखता? विमान म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

भिंगाखाली मी सगळ्यांत आधी देवनागरी बघतो. ही मॉडेलं बहुतेक चीनमधल्या कारखान्यांत बनतात. इंग्रजी अक्षर चुकलं तर तिथे कोणाच्या तरी लक्षात येतं. आपली शिरोरेषा तुटली, तर कोणाला कळणार? माझ्याकडच्या एका मॉडेलवर ‘इंडिया’तला अनुस्वारच गळलाय आणि शिरोरेषा ‘ड’वर तुटून पुढे अर्धा मिलिमीटर खाली उतरलीय. कंपनी नावाजलेली आहे, नाव घेत नाही. लाल रंग मात्र काय सुरेख लागलाय.

रंगछटेवर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी घालत नाही. ट्यूबलाइटखाली एक दिसतो, उन्हात दुसरा. अँटेना तुटलेली नाही ना, एवढं बघा आणि पुढे चला.

लहान विमानांचं काय, असं कोणी विचारेल. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चारी बाजूंची विमानं मध्यरात्री नागपूरला जमत, थैल्यांची अदलाबदल करून परत जात. त्यातलं डकोटा एकास चारशेला पाच सेंटिमीटरचंही भरत नाही. त्यात बारकावे शोधणं म्हणजे तिळावर नक्षी. डकोटा घ्यायचं तर एकास दोनशेचंच घ्या.

शेवटी, घरात सांभाळायचं कसं. जस्ताला एक रोग असतो. ओतकामात शिशाची भेसळ राहिली, की वर्षांनंतर धातू आतून ठिसूळ होतो. आधी रंगाला फुगे, मग केसासारख्या चिरा, मग पंख वाकतो आणि एक दिवस हातात तुकडा येतो. उपाय नाही. हल्लीच्या शुद्ध जस्तात हे कमी, पण जुनं मॉडेल घेताना पंखाच्या मुळाशी नख फिरवून बघाच. दमट हवेत हा रोग लवकर वाढतो. तुम्ही म्हणाल, नागपूरला कुठली दमट हवा? अहो, मे महिन्यात आपण कूलर लावतो. बाहेर पंचेचाळीस अंश कोरडं ठणठणीत आणि बैठकीत वाळ्याच्या ताट्यांतून येणारा ओला वारा, दिवसरात्र. माझ्या तीन विमानांच्या चाकांचे बारीक पोलादी दांडे याच वाऱ्यानं गंजले.

म्हणून काल कूलरला नवी ताटी लावली आणि शोकेस उचलून आतल्या खोलीत नेली. ते ७०७ तेवढं बैठकीतच आहे, कूलरपासून लांब, दाराजवळच्या फळीवर. भाच्यानं स्टँडवरची चिठ्ठी काढून टाकलीय. तिच्या जागी त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘११.६ सेमी’.

नमस्कार.