शंकेखोरांच्या बाजूने
(सोलापुरातील एका वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरची मंडळी, आणि या उकाड्यात पंख्याखालची जागा धरून बसलेल्या श्रोत्यांनो,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'अणुबॉम्ब : शाप की वरदान?' मी संयोजकांना कळवला होता तो विषय होता, 'अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचं भारताचं वचन'. तो म्हणे एका ओळीत बसेना. शाप की वरदान हा विषय आम्ही नववीच्या पोरांना निबंधाला देत असू. दोन्ही बाजू लिहायच्या, शेवटी 'विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे' हे वाक्य टाकायचं, दहापैकी सात गुण. मी वचनाबद्दलच बोलणार आहे, पण आधी थोडी पार्श्वभूमी. पहिल्या रांगेत 'थोडी' म्हटल्यावर जे हसले, ते माझे जुने विद्यार्थी आहेत.

तारखा तुम्हाला पाठ आहेत. १८ मे १९७४, मग ११ आणि १३ मे १९९८, पोखरणच्या अणुचाचण्या. त्याच महिन्यात २८ तारखेला चगाईला आणि ३० ला खारानला स्फोट करून पाकिस्तानने उत्तर दिलं. तेव्हापासून आपण दोघेही एकमेकांच्या धाकात आहोत आणि त्याला सुरक्षितता म्हणतो. म्हणायला हरकत नाही. तू मला मारलंस तर मी तुला असं मारीन की तुझं जिंकणं तुला परवडणार नाही, एवढाच हा हिशेब. पण त्यात एक मेख आहे. धमकी शत्रूला शंभर टक्के खरी वाटली पाहिजे. आणि ती अमलात आणायची वेळ आलीच, तर ती फसली म्हणूनच आली. आपली शहरं गेली. आता त्यांची जाळून आपली परत येणार आहेत का? मग त्या लाखो माणसांना मारायचं कशासाठी? शब्द दिला होता म्हणून? हा प्रश्न धोरणवाल्यांना विचारला की ते म्हणतात, ती वेळ येणारच नाही. का येणार नाही? तर आपण खरंच मारू असं शत्रूला वाटतं म्हणून. गोल फिरून तिथेच.

धाकावर राज्य चालत नाही हे आपल्या गावानं १९३० सालीच दाखवलंय. इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, पुढच्या जानेवारीत चार हुतात्म्यांना येरवड्यात फासावर चढवलं, आणि गाव काही दबलं नाही... थांबा, थांबा, टाळ्या नकोत. सोलापुरात चार हुतात्म्यांचं नाव घेतलं की टाळी हमखास मिळते, म्हणून तर घेतलं. पण युक्तिवाद म्हणून तो कच्चा आहे. फासाला न घाबरणारी माणसं असतात. अणुबॉम्बपुढे माणूस शूर आहे की भित्रा, याला काही अर्थच उरत नाही.

आता आमच्या गल्लीतली गोष्ट. ज्यांनी ऐकली आहे त्यांनी पुन्हा ऐकावी.

नळाला पाणी किती दिवसांआड येतं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. माझ्या डावीकडे एक गृहस्थ, उजवीकडे एक. डावीकडच्यांनी एका उन्हाळ्यात नळाला थेट मोटार लावली. पालिकेच्या पथकाला सापडली तर जप्त, वर दंड. उजवीकडच्यांची धार बारीक झाली. आधी त्यांनी चावीवाल्याला शिव्या घातल्या, मग एका पहाटे भिंतीला कान लावला आणि उलगडा झाला. तक्रार केली? छे. त्यांनी अर्ध्या हॉर्सपॉवरची स्वतःची मोटार आणली. डावीकडच्यांनी मग एकची आणली. दोघांकडे मोटार, दोघांकडे पथकाचा नंबर. हे म्हणायचे, "करा की कंप्लेंट. आमच्याकडं काय फोन नाही व्हय?" ते म्हणायचे, "आम्ही आधी करत नाही ओ. पण तुम्ही केली तर मग बघा." हे दुसरं वाक्य पुढे लक्षात ठेवा, भारत सरकारचं धोरण साधारण तेच आहे. अख्खा उन्हाळा शांततेत गेला. आमच्या घरातून निष्कर्ष आला की भांडण मिटलं. मी म्हटलं, भांडण मिटलं असेल, आपल्या नळाचं काय? तो नुसता फुसफुसत होता, कारण दोघांच्या मध्ये मी, आणि मी मोटार लावली नव्हती. तत्त्व म्हणून! अलिप्त राष्ट्राचं काय होतं ते मी हातात घागर धरून अनुभवलंय.

मग एका सकाळी गल्लीत गाडी थांबली. दोन माणसं उतरली, वही काढली, रस्त्यावरच्या चेंबरकडे बघून लिहायला लागली. ड्रेनेज तुंबल्याची तक्रार होती, त्यासाठी ती आली होती. डावीकडच्यांनी खिडकीतून वही पाहिली. त्यांना वाटलं, यांनी फोन केला! तिथूनच त्यांनी पथकाला उजवीकडचा पत्ता सांगितला. उजवीकडच्यांनीही तीच वही पाहिली, तोच हिशेब केला, तोच फोन लावला. दुपारी दोन्ही मोटारी टेम्पोत. ड्रेनेजवाले तोवर चेंबर साफ करून निघूनही गेले होते. खाली उतरून "कशासाठी आलात ओ?" एवढं विचारायला दोघांनाही सवड नव्हती.

मोटारी नंतर दंड भरून सुटल्या. शहरं सुटत नाहीत. म्हणून ही उपमा इथंच सोडतो आणि ज्याच्यासाठी मी आज उभा आहे त्या माणसाकडे येतो.

स्तानिस्लाव पेत्रोव्ह. सोव्हिएत हवाई संरक्षण दलात लेफ्टनंट कर्नल. २६ सप्टेंबर १९८३ ची मध्यरात्र उलटून गेलेली. मॉस्कोच्या दक्षिणेला सेर्पुखोव्ह-१५ नावाचं केंद्र, अमेरिकी क्षेपणास्त्रं उडाली की उपग्रहातून इथे कळायचं. त्याच महिन्याच्या १ तारखेला सोव्हिएत विमानानं कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं, २६९ माणसं गेली होती. दोन्हीकडे वातावरण तापलेलं. अशात भोंगा वाजतो, पडद्यावर येतं, अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटलं. मग दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. संगणक सांगतोय, खात्री सर्वोच्च दर्जाची आहे. पेत्रोव्हचं काम काय? वर कळवणं. वरच्यांकडे मग मोजकी मिनिटं.

आणि हा माणूस खुर्चीत बसून शंका घेतो. पाचच का? जगाचा शेवट करणारं युद्ध कुणी पाच क्षेपणास्त्रांनी सुरू करतं का? यंत्रणा नवी आहे, तिचा भरवसा काय? जमिनीवरच्या रडारवर तर काहीच दिसत नाही. त्यानं वर कळवलं, हा खोटा इशारा आहे. मग वाट बघत बसला. खरं निघालं असतं तर त्याला ते काही मिनिटांत कळलंच असतं. काही आलं नाही. पुढे चौकशीत निघालं की उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्राच्या ज्वाळा वाटलं होतं.

त्याला बक्षीस काय मिळालं? ठपका. त्या वेळची नोंद रजिस्टरमध्ये केली नाही म्हणून! हसू नका, या सभागृहातले निम्मे लोक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत आणि त्यातल्या निम्म्यांनी असले मेमो काढलेले आहेत. पेत्रोव्ह नंतर सांगायचा, एका हातात टेलिफोन होता, दुसऱ्यात इंटरकॉम, तिसरा हात नव्हता. २०१७ च्या मे महिन्यात तो वारला. जगाला कळलं सप्टेंबरमध्ये.

कुणी म्हणेल, बटण काही त्याच्या हातात नव्हतं, त्याच्यावरही माणसं होती. मान्य. पण वरच्यांच्या टेबलावर 'हल्ला झालाय' असा कागद जाणं आणि 'यंत्र बिघडलंय' असा कागद जाणं, यात फरक आहे की नाही? १९६२ च्या क्यूबा पेचात बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीवर वासिली आर्खिपोव्ह असाच आडवा आला, अण्वस्त्राचा टॉर्पेडो सुटला नाही. जून १९८० मध्ये अमेरिकेच्या यंत्रणेत ४६ सेंटची एक चिप बिघडली आणि पडद्यावर सोव्हिएत क्षेपणास्त्रं दिसायला लागली. तिथंही शहाण्यांनी आधी पडद्यावर शंका घेतली. म्हणून माझं म्हणणं असं की धाकानं शांतता राखली, हे अर्धं खरं आहे. उरलेली अर्धी राखली शंकेखोरांनी, आणि त्यांना शंका घ्यायला मिळालेल्या वेळानं. त्यांचे पुतळे कुठे फारसे दिसत नाहीत. आपल्याकडे चौकाचौकांत...

चिठ्ठी आली. 'कृपया दहा मिनिटे.' म्हणजे आता मूळ विषय.

भराभर सांगतो. ४ जानेवारी २००३ ला सरकारनं धोरण जाहीर केलं. आपण अण्वस्त्र आधी वापरणार नाही. आपल्यावर किंवा आपल्या सैन्यावर, ते कुठेही असो, वापर झाला तर प्रत्युत्तर प्रचंड असेल. निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेचा. पाकिस्ताननं असं वचन दिलेलं नाही, चीननं १९६४ च्या पहिल्या चाचणीलाच दिलं. आता अडचण बघा. पाकिस्तानकडे 'नस्र' हे छोटं अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र आहे, पल्ला ६० ते ७० किलोमीटर, रणांगणावर वापरायला. समजा आपले रणगाडे सीमा ओलांडून गेले आणि त्यांनी तिथे, स्वतःच्याच भूमीवर, एक छोटा अणुस्फोट केला. 'प्रचंड' या शब्दाला जागायचं तर आपण लाहोर नष्ट करायचं. लाहोरच्या शाळेतल्या पोरांनी नस्र डागलेलं नसतं. आणि तसं करणार नसू, तर शब्द पोकळ, आणि ते समोरच्यालाही माहीत. याच धोरणाच्या १९९९ च्या मसुद्यात 'शिक्षा करणारं प्रत्युत्तर' अशा अर्थाचे शब्द होते. २००३ मध्ये त्यांच्या जागी 'प्रचंड' आला. मला जुना मसुदा बरा वाटतो. शिक्षा मापात देता येते.

दुसरं म्हणजे, अण्वस्त्रं आली म्हणून लढाया थांबल्या नाहीत. १९९९ कारगिल, २०१९ बालाकोट, मे २०२५ चं ऑपरेशन सिंदूर. प्रत्येक वेळी एक पायरी वर. अण्वस्त्रांच्या धमकीला भीक घालणार नाही, असं आपण म्हणतो, आणि दहशतवाद्यांना त्या छत्रीखाली मोकळं रान द्यायचं नसेल तर म्हणावंही लागतं. ही खरीखुरी कोंडी आहे, माझ्याकडे तिच्यावर औषध नाही. पण २०१९ पासून मोठी माणसं प्रथम वापर न करण्याच्या वचनाबद्दल 'पुढचं परिस्थिती ठरवेल' असं बोलू लागली आहेत, त्याला माझा विरोध आहे. आणि तो अहिंसेपोटी आहे असं समजू नका. वचन आहे तोवर समोरच्या खुर्चीतल्या माणसाला पडद्यावर शंका घ्यायला कारण आहे. वचन गेलं की त्याला वाटणार, आपण आधी नाही मारलं तर ते मारतील. मॉस्को-वॉशिंग्टनमध्ये अर्धा तास तरी मिळायचा. इथे काही मिनिटं.

९ मार्च २०२२ आठवा. आपलं एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं. स्फोटक नव्हतं, जीवितहानी झाली नाही, तीन अधिकारी बडतर्फ झाले. आपली कबुली आली ती दोन दिवसांनी. पलीकडे त्या दिवशी कुणीतरी घाई केली नाही. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, आणि त्याचे आभार मानायला आपलं राजकारण परवानगी देत नाही. क्षेपणास्त्र चाचणीची आगाऊ सूचना द्यायचा २००५ चा करार आहे, पण तो बॅलिस्टिक, म्हणजे उंच जाऊन खाली कोसळणाऱ्या, क्षेपणास्त्रांपुरता. ब्रह्मोस क्रूझ जातीचं, विमानासारखं उडत जाणारं. त्यांना करारात घ्या, एवढी साधी मागणी आहे. जमणार नाही असं म्हणू नका. दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, १९८८ च्या करारानुसार, संबंध कितीही बिघडलेले असोत.

नैतिक बाजू राहिली, ती एका गोष्टीत उरकतो. १९८१ मध्ये रॉजर फिशर नावाच्या हार्वर्डच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी सुचवलं की अमेरिकेची अण्वस्त्रं डागायचे संकेतांक एका स्वयंसेवकाच्या हृदयाशेजारी, कुपीत शिवून ठेवा. त्यानं मोठा सुरा घेऊन राष्ट्राध्यक्षांबरोबर फिरायचं. युद्ध पुकारायचं असेल तर राष्ट्राध्यक्षांनी आधी त्या एका माणसाला स्वतःच्या हातानं मारायचं. फिशरांनी हे पेंटागॉनमधल्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्यातल्या, मित्रांना सांगितलं तर ते हादरले. म्हणाले, भयंकर, असं केलं तर राष्ट्राध्यक्ष कदाचित बटण दाबणारच नाहीत!

अध्यक्ष उठले. पाणबुडीचं सांगायचं राहिलंच. आपल्या अरिहंतसारख्या अणुपाणबुडीत अण्वस्त्र क्षेपणास्त्रावर चढवूनच ठेवावं लागतं, मग तिथे शंकेखोराला जागा कुठे? हे प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारा, म्हणजे मला आणखी दहा मिनिटं मिळतील.