पान हिरवे असतानाच

[दृश्य : काचपात्रांतील रोपे]

मोहरीची ही सगळी रोपे एकाच दिवशी रुजवलेली आहेत. डावीकडच्या पात्रात केवळ पोषकद्रव्यांचे पाणी आहे. उजवीकडच्या पाण्यात कॅडमियम या विषारी धातूच्या क्षाराचा अल्प अंश मिसळला आहे. पाने दोन्हीकडे अजून हिरवीच आहेत. पानावरून जमिनीची पारख करणारी आपली नजर फसते ती इथेच.

[दृश्य : मुळे, जवळून]

उजवीकडची मुळे आखूड आणि तपकिरी झाली आहेत. कॅडमियमसाठी वनस्पतीकडे वेगळे दार नसते. लोह, जस्त आणि मँगनीज आत घेणाऱ्या वाहक प्रथिनांच्याच वाटेने ते पेशीत शिरते. तिथे ते प्रथिनांतील सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला घट्ट चिकटते, तर काही विकरांमधील, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांमधील, जस्ताची जागाच बळकावते. यामुळे प्रथिनाच्या साखळीची ठरलेली घडी विस्कटली की त्याचे काम थांबते.

[दृश्य : खल, पांढरी वाफ]

उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये मुळे क्षणात गोठतात आणि खलात त्यांची बारीक पूड होते. ही घाई आवश्यक असते, कारण पेशी फुटताच तिच्यातीलच प्रथिने तोडणारी विकरे मोकळी होतात आणि जे पाहायचे तेच नष्ट करू लागतात. पानांचीही अशीच पूड केली जाते.

[दृश्य : जेलवरील निळे पट्टे]

पुडीतून काढलेली प्रथिने जेलमध्ये, म्हणजे चाळणीसारख्या मऊ थरात, सोडली जातात. विद्युतप्रवाहाखाली लहान प्रथिने पुढे सरकतात, मोठी मागे राहतात. पानांच्या नमुन्यातील ५५ किलोडाल्टनजवळचा (किलोडाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) हा ठळक पट्टा रुबिस्कोचा, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड बांधणाऱ्या विकराचा आहे. ताण लांबला की तो फिकट होत जातो. त्याच वेळी विस्कटलेल्या घड्या सावरणारी एचएसपी७० सारखी साहाय्यक प्रथिने वाढतात, आणि जी सावरत नाहीत त्यांना युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावून प्रोटिएसोममध्ये, म्हणजे पेशीच्या प्रथिने तोडणाऱ्या यंत्रणेत, त्यांचे तुकडे केले जातात.

[दृश्य : पेशीचे रेखाचित्र]

वनस्पतीचा खरा बचाव मात्र या जेलवर उमटत नाही, इतके त्याचे रेणू लहान आहेत. १९८५ मध्ये ग्रिल, विनाकर आणि त्सेंक या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेच्या पेशींना कॅडमियम देऊन फायटोकेलाटिने, म्हणजे धातू पकडणाऱ्या अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, शोधून काढल्या. त्या प्रथिनांप्रमाणे रायबोसोमवर, म्हणजे पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवर, तयार होत नाहीत. पेशीत आधीपासूनच असलेले एक विकर धातू येताच जागे होते आणि ग्लुटाथायोन या गंधक असलेल्या छोट्या संयुगाचे रेणू जोडून त्या साखळ्या विणते. साखळीने पकडलेला धातू रिक्तिकेत कोंडला जातो. त्यात खर्ची पडणारे ग्लुटाथायोन पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवण्यासाठीही हवे असते, ही किंमत लहान नाही.

जे कॅडमियम कोंडले जात नाही, ते जलवाहिन्यांतून वर चढते, दाण्यापर्यंत पोहोचते आणि खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात साठते.

[दृश्य : कोवळे पान, जवळून]

उजवीकडच्या रोपाच्या कोवळ्या पानावर आता शिरांमधला भाग पिवळा पडू लागला आहे.