15 जानेवारी: खाशाबांचा वाढदिवस आणि हेलसिंकीतली ती अर्ध्या तासाची विश्रांती

नमस्कार मंडळी! 15 जानेवारी आपल्याकडे राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो, कारण 1926 साली याच तारखेला कराडजवळच्या गोळेश्वरमध्ये खाशाबा जाधव जन्मले. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल यांनीच आणलं, एवढं तर आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण ते मेडल आलं कसं, हे ऐकायला हवं.

1948 ला लंडनला गेले तेव्हा आयुष्य सगळं लाल मातीत गेलेलं, मॅटची सवयच नाही, खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला आणि तरी पठ्ठ्या सहावा आला! मग पुढची चार वर्षं नुसती मेहनत, वजनगटही वरचा घेतला, बँटमवेट म्हणजे 57 किलोचा.

आता 1952, हेलसिंकी. परत पैशांचा प्रश्न. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, त्यांनी तर आपलं राहतं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. त्या काळातले 7000! ते पण एका विद्यार्थ्यासाठी. मला तर हे मेडलइतकंच मोठं वाटतं.

तिकडे कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे पैलवान हरवत खाशाबा पुढे गेले. मग जपानच्या शोहाची इशीबरोबर लांबलेली, दमवणारी कुस्ती झाली आणि ती हरले. इशीने पुढे गोल्ड घेतलं, त्या ऑलिंपिकमधलं जपानचं एकमेव गोल्ड, म्हणजे समोरचा माणूस काय ताकदीचा होता बघा. आणि त्यानंतर लगेच सांगितलं, चला, आता सोव्हिएत युनियनच्या रशीद मामेदबेकोवशी लढा. नियमाने मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण ते तिथल्या लोकांना ठणकावून सांगायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता. थकलेल्या अंगाने खाशाबा उतरले, हरले, आणि ब्राँझ हातात आलं. घर गहाण ठेवणारा माणूस कोल्हापुरात होता हो, आणि मॅटशेजारी ज्यांनी असायला हवं होतं तेच नाहीत! याचा मला आजही राग येतो.

परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ढोल-ताशे, सगळा मुलूख रस्त्यावर. आणि त्यानंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड भरवले, त्यातून पैसे जमवले आणि खर्डेकरांचं घर सोडवून दिलं.

1955 ला पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. 1984 मध्ये रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. वैयक्तिक खेळातलं आपलं पुढचं ऑलिंपिक मेडल थेट 1996 ला, अटलांटात लिएंडर पेसचं, म्हणजे मध्ये 44 वर्षं गेली.

येत्या 15 जानेवारीला तुमच्या शाळेत, तालमीत कार्यक्रम असेल तर खाशाबांच्या फोटोला हार घालताना खर्डेकर सरांचं नाव पण माईकवरून घ्या.