वाढत्या अंगाचे कपडे

नमस्कार श्रोतेहो.

बाळ जन्मतं तेव्हा साधारण 50 सेंटिमीटर लांबीचं असतं. पहिल्या वाढदिवसापर्यंत ते 75 च्या आसपास पोचतं आणि वजन जवळजवळ तिप्पट होतं. त्यामुळे या वर्षात घेतलेला कपडा जुना व्हायच्या आधीच तोकडा होतो. वाढत्या अंगाचं घ्या, शिवणीत माया ठेवा, सगळं केलं तरी तीन-चार महिन्यांत झबलं पोटावर चढतंच.

दुसऱ्याच्या लेकराचं झबलं घालण्यात आपल्याकडे कमीपणा कधीच नव्हता. उलट तान्ह्या बाळाला आधी जुनंच घालावं, असं घरातल्या आज्या सांगत. पुष्कळदा धुतलेलं सुती कापड मऊ असतं, हे त्यांना ठाऊक होतं. नणंदा-जावांत तर कपड्यांची गाठोडी बिनबोभाट फिरतात.

मैत्रिणींत मात्र पैशाचा विषय निघाला की घोडं अडतं. एक म्हणते, "अगं राहू दे, पैसे कसले?" दुसरी ओशाळते आणि आठवडाभरात त्याहून महागडं खेळणं घेऊन हजर होते. काय साधलं? म्हणून कपडा हातात देतानाच बोलून मोकळं व्हावं : हा कायमचा दिला, हा परत हवा, याचे एवढे पैसे. "परत हवा" हे तर हमखास राहून जातं, आणि मग दुसऱ्या बाळाच्या वेळी स्वेटर शोधताना मनं दुखावतात.

किंमत कशी लावायची? रोजच्या टीशर्ट-चड्ड्यांना लावूच नये, पिशवीभर देऊन टाकावं. स्वेटर, जीन्स, सणासुदीचे कपडे यांना लावावी. माझा हिशोब असा : चांगल्या स्थितीतल्याला मूळ किमतीचा चौथा हिस्सा, एखाद-दोनदाच घातलेल्याला तिसरा. एका लग्नात मिरवलेलं 1200 रुपयांचं परकर-पोलकं 400 ला जावं. आपण हौसेनं किती मोजले होते, ते घेणारीला ऐकवू नये. आणि वेळ पाहावी. मेअखेरीस रेनकोटला गिऱ्हाईक असतं, गणपतीनंतर कोण विचारतो?

कपडा बघायचा तो दिवसाउजेडी. धुऊन ठेवलेल्या पांढऱ्या झबल्यावर गळ्याशी दुधाचे पिवळे डाग महिन्यांनी वर येतात, ट्यूबलाइटखाली ते दिसत नाहीत. काखेतली शिवण ताणून पाहावी, बटणं ओढून पाहावीत. मानेशी आवळायची नाडी असेल तर काढूनच द्यावी. ती पाळण्याला किंवा घसरगुंडीला अडकली तर गळफास बसू शकतो.

आता अदलाबदल. यातली खरी गोम अशी की कपडे नेहमी मोठ्याकडून धाकट्याकडे जातात. गटात जिचं मूल सगळ्यांत मोठं, ती देतच राहते. तिच्या मुलाच्या मापाचं कुणाकडे काही नसतंच. महायुद्धाच्या काळात, 1 जून 1941 पासून, ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. तेव्हा विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसेस या संघटनेनं लहान मुलांच्या कपड्यांची अदलाबदल केंद्रं चालवली. आई तोकडे कपडे जमा करी, त्यांचे गुण मिळत, आणि तेवढ्या गुणांत मोठ्या मापाचे घेता येत. शहरभरच्या मुलांत हे जमतं, कारण कुठलं तरी माप असतंच. चार-पाच मैत्रिणींत नाही जमत. तिथे त्या थोरल्याच्या आईला रोख पैसे द्यावेत, नाहीतर गटात एखादी मोठ्या मुलाची आई ओढून आणावी. तिचेही कपडे कपाटात पडूनच असणार.

आणि हो, विटकं-फाटकं पिशवीच्या तळाशी सरकवू नका. त्याची फडकी करा, गोधडीत घाला. बोहारणीला दाखवून पाहा हवं तर. भांडं देण्याआधी तीही प्रत्येक कपडा उजेडात धरून बघते.

नमस्कार.