तेल कुठे लावायचं नाही

मंडळी, रायफल साफ करायला घेतली की हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो. तो मॅगझिनकडे जायला हवा. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढायची, मग बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा, रिकामा आहे ना, हे डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानंही चाचपायचं. हा क्रम उलटा केलात, तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडेल, पण बोल्ट सोडताच मॅगझिनमधलं दुसरं त्याच्या जागी जाऊन बसेल. काडतुसं तर त्या खोलीतच नकोत.

सेमी-ऑटोमॅटिक रायफल जास्त मळते, कारण पुढचं काडतूस ती स्वतः भरते आणि बहुतेक रचनांमध्ये त्यासाठी लागणारी ताकद काडतुसातल्या जळलेल्या दारूच्या वायूतून घेते. काही रायफलींत हा वायू पुढेच दट्ट्याला ढकलतो, तिथली काजळी तिथेच राहते. एआर-१५ च्या धर्तीच्या रायफलीत तो बारीक नळीतून थेट बोल्ट कॅरिअरमध्ये, म्हणजे बोल्टला धरून मागेपुढे सरकणाऱ्या भागात, येतो. तिचा बोल्ट काढून शेपटाकडची बाजू पाहा. काजळीचं काळं, कडक कवच दिसेल. नखानं निघत नाही. सॉल्व्हंट, म्हणजे मळ विरघळवणारं द्रव, लावून थोडा वेळ थांबा, मग ब्रशनं घासा. चाकूनं खरवडू नका.

नळी शक्यतो चेंबरकडून तोंडाकडे साफ करावी. तोंडाची कड ही गोळीचा शेवटचा स्पर्श. ती सफाईच्या गजानं एका बाजूला घासली गेली की नेम बिघडतो. गॅरंडसारख्या जुन्या अमेरिकी लष्करी रायफलीत मागून गज जातच नाही, तिथे तोंडाशी गज मधोमध ठेवणारा गाइड बसवून काम करावं. आणि गोळ्यांनी नळीत सोडलेला तांब्याचा थर काढताना चिंधीवर निळसर-हिरवा रंग येतो, त्याबद्दल एक अनुभव सांगतो. एकदा मी चिंध्यांवर चिंध्या वापरल्या, तरी निळा रंग जाईना. शेवटी लक्षात आलं की सॉल्व्हंट माझ्या ब्रॉन्झच्या, म्हणजे तांबं असलेल्या, ब्रशलाच खात होतं. तेव्हापासून या कामाला मी नायलॉनचा ब्रश वापरतो.

जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचा क्षार नळीत उरतो, हवेतला ओलावा ओढतो आणि गंज धरतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. आधी गरम पाणी, मग पूर्ण कोरडं करणं, आणि मगच तेल.

आता वंगण. धातूवर धातू घासून जिथे चकाकी आली आहे, तिथे तेल लावा: कॅरिअरच्या सरकत्या कडा, बोल्ट फिरवणारी कॅम पिन, बोल्टचे दाते. चेंबर मात्र कोरडा हवा. गोळी सुटते तेव्हा पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते. मध्ये तेल असेल तर ती पकड सुटते आणि जास्तीचा दाब बोल्टवर येतो. प्रायमरवर ठोका मारणाऱ्या फायरिंग पिनच्या भोकातही तेल नको. काजळीत मिसळून, थंडीत घट्ट होऊन ते पिनचा ठोका मंदावतं. मॅगझिनही आतून कोरडंच ठेवा, तिथलं तेल धूळ धरतं आणि काडतुसांना लागतं.

स्वच्छतेकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, हे व्हिएतनाममध्ये दिसलं. अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफलीला फारशी साफसफाई लागत नाही अशी समजूत पसरली होती, आणि पुष्कळ सैनिकांना सफाईचं सामानच मिळालं नव्हतं. त्यात काडतुसातली दारू बदललेली आणि चेंबरला क्रोमचा मुलामा नाही. पुंगळ्या चेंबरमध्ये अडकत, आणि शत्रू समोर असताना सैनिकाला तोंडातून गज घालून त्या ढकलाव्या लागत. माणसं गेली त्यात. १९६७ साली अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीनं याची चौकशी केली. पुढे चेंबरला क्रोम आलं, सफाईचं सामान आलं, शिकवणीही आली. माझ्या मते चूक एकट्या मळाची नव्हती, पण सैनिकाच्या हातात असलेला एकमेव उपायही त्याला दिला नव्हता, याचा मला आजही राग येतो.

जोडणी झाली की रिकामी रायफल चार-पाच वेळा हातानं चालवा आणि बाहेर आलेलं जादा तेल पुसा. ठेवणीसाठी नळीत तेलाचा हात दिला असेल, तर पुढच्या वेळी गोळी झाडण्यापूर्वी कोरडी चिंधी फिरवा. त्या काजळीत शिसं असतं, म्हणून काही खाण्याआधी साबणानं हात धुवा, आणि वापरलेल्या चिंध्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी टाका.