प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत गेला

तुर्कस्तानात, डार्डनेल्सच्या सामुद्रधुनीजवळ एक टेकाड आहे, हिसार्लिक. ट्रॉय इथंच होतं असं मानतात. ट्रॉय म्हटलं की आपल्याला लाकडी घोडा आठवतो, पण ग्रीकांनी ट्रॉयशी केलेल्या युद्धावरचं होमरचं महाकाव्य, इलियड, त्यात घोड्याची गोष्टच येत नाही, ग्रीकांचा सर्वांत मोठा वीर अकिलीस, त्याचं मरणही येत नाही. ते संपतं एका अंत्यसंस्कारावर, आणि तोही शत्रूकडच्या माणसाच्या.

अकिलीसला आईनं आधीच सांगितलेलं असतं, घरी गेलास तर पुष्कळ जगशील पण नाव राहणार नाही, इथं लढलास तर मरशील पण नाव राहील. शेवटी तो लढतो. मित्र पॅट्रोक्लस ट्रॉयच्या राजपुत्राच्या, हेक्टरच्या हातून मारला जातो म्हणून हा हेक्टरला मारतो, आणि तेवढ्यानं पण राग शांत होत नाही, मग त्याच्या घोट्यांत वाद्या ओवून प्रेत रथामागं फरफटत नेतो, पुढं कित्येक दिवस मित्राच्या थडग्याभोवती तेच. एवढा मोठा वीर इथं माणूसपणातून उठलाय, आणि होमर ते जराही झाकत नाही, म्हणून मला हे काव्य इतकं मोठं वाटतं.

मग हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, रात्री गाडीभर खंडणी घेऊन शत्रूच्या छावणीत शिरतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी पोरं मारली त्याच हातांचं चुंबन घेतो. तुझा बाप पण माझ्याच वयाचा आहे रे, त्याला आठव, म्हणतो. दोघंही रडतात, एक पोरासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. अकिलीस प्रेत धुवायला लावतो, ते पण बाजूला नेऊन, बापाला एकदम दिसू नये म्हणून. मग स्वतःच्या हातानं उचलून ठेवतो. किती दिवस हवेत विचारतो. अकरा दिवस लढाई थांबते.

आता सायप्रस, ग्रीक आणि तुर्की लोकांत दुभंगलेलं बेट. तिथंही शत्रूकडं राहिलेली आपली माणसं घरी आणायचं काम चाललंय. 1963-64 ची दंगल आणि 1974 चं युद्ध यात बेपत्ता झालेल्यांची यादी आहे 2002 जणांची, 1510 ग्रीक सायप्रियट आणि 492 तुर्की सायप्रियट. त्यांना शोधायला संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं 1981 मध्ये समिती झाली, खरं खोदकाम सुरू व्हायला 2006 उजाडलं. दोन्ही बाजूची तरुण मुलं-मुली एकाच खड्ड्यात बसून ब्रशनं माती झाडतात. हाडं निकोसियाच्या बंद पडलेल्या विमानतळाच्या आवारातल्या लॅबमध्ये येतात, टेबलावर डोक्यापासून पायापर्यंत जागच्या जागी मांडली जातात, डीएनए जुळला की घरच्यांना बोलावतात. कुणी मारलं, कसं मारलं, हे ठरवायचा अधिकार समितीला नाही. हे पचवणं घरच्यांना किती जड जात असेल, पण निदान माती तरी देता येते.

हेक्टरच्या अस्थी भावांनी आणि सोबत्यांनी रडत रडत सावडल्या, मऊ जांभळ्या कापडात गुंडाळून सोन्याच्या पेटीत ठेवल्या.

सायप्रसच्या यादीतले जवळपास निम्मे अजून सापडलेले नाहीत. कुणाला कुठं पुरलं हे ज्यांनी पाहिलं किंवा ज्यांनी स्वतः पुरलं त्यांनी सांगितलं तरच बहुतेक वेळा जागा कळते, सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात, आणि ती माणसं आता प्रायमच्या वयाची झालीत.