खानदेश नावाचा जिल्हा

खाली तापी, वर थाळनेरचा किल्ला. तट ढासळलाय, बुरुजाच्या फटींतून झुडपं उगवलीत. होळकरांनी मंदसोरच्या तहात हा मुलूख इंग्रजांना लिहून दिला होता. पण फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज सेनापती हिस्लॉपची फौज ताबा घ्यायला आली, तेव्हा किल्ल्यातून गोळ्या सुटल्या. शेवटी शिबंदी कापली गेली, किल्लेदार तुळशीराम मामा फासावर गेला.

इंग्रजांच्या खानदेश जिल्ह्याची सुरुवात ही अशी.

आता धुळं. या गल्ल्या बघा, कशा नाकासमोर जातात आणि काटकोनात वळतात. कॅप्टन जॉन ब्रिग्जनं जिल्ह्याची कचेरी इथं आणली आणि पेठ आखून वसवली. पत्ता विचारा, लोक अजून गल्लीचा नंबर सांगतात.

खानदेश हे नाव मात्र साहेबाचं नव्हे, ते इथं राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांच्या काळापासूनचं. १६०१ साली फारुकींचा असीरगड पडल्यावर अकबरानं शाहजादा दानियालच्या नावावरून या सुभ्याचं 'दानदेश' करून पाहिलं. दानदेश कुणाच्या तोंडी बसलं नाही.

जिल्हा मोठा. सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत, वर बागलाणही यातच. मग कात्री लागली. १८६९ साली नाशिक जिल्हा झाला. मालेगाव, नांदगाव, बागलाण तिकडे गेले. १९०६ साली उरलेल्याचे दोन तुकडे पडले: पूर्व खानदेश जळगावला, पश्चिम खानदेश धुळ्याला. निदान नाव तरी दोन्हीकडे होतं. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि तेही पुसलं. एक जळगाव जिल्हा, एक धुळे जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार निघाला.

पश्चिम खानदेशातली उच्छल, निझरकडची गावं १९६० सालीच गुजरातेत गेली. तिथल्या पोरांची शाळा गुजराती झाली.

आणि ही कानबाई, खानदेशाची देवी. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. नारळाला डोळे, नथ, लुगडं, शेजारी केळीचे खांब. आत रोटांचा, म्हणजे तिच्या नैवेद्याचा गहू मोजला जातोय, घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ. सुरतेला गेलेला भाऊ येतो, पुण्यातला पुतण्या येतो. भाऊबंदकी कोर्टात असली तरी रोट एकत्रच. जळगाव, धुळं, नंदुरबार, पलीकडं मालेगाव-सटाणा, आज सगळीकडं हेच चाललंय. १८६९ची हद्द कानबाईला कुणी कळवलेली दिसत नाही.

सोमवारी सकाळी बाया तिला डोक्यावर घेऊन नदीवर निघतात. गाणी अहिराणीत आहेत. मी इथं थांबतो, ऐका.